सुभद्रेचं काम बाईनंच करायचं!

मैत्रिणींनो, हल्ली कॉलेजातली चार पोरं एकत्र येतात, कुणी गिटार आणतं, कुणी ड्रम आणतं, आणि झाला यांचा बँड तयार. दोन-चार वर्षं धमाल करतात. मग पैशाची ओढाताण, कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, आणि बँड बंद. आपल्याला वाटतं, हे खूळ नव्या जमान्याचं. पण असाच एक चमू आपल्या महाराष्ट्रात शंभरेक वर्षांपूर्वी उभा राहिला होता. बहीण-भावांचा. त्यांच्या हातात गिटार नव्हती, ऑर्गन आणि तबला होता. तेव्हा त्याला बँड म्हणत नसत, कंपनी म्हणत. आणि त्या कंपनीच्या मध्यभागी उभी होती एक चोवीस वर्षांची बाई. हिराबाई बडोदेकर.

हिराबाईंचं नाव आपल्या आई-आजींना नक्की ठाऊक असणार. रेडिओवर त्यांचं गाणं लागायचं. पण त्या मोठ्या गायिका होत्या एवढ्यावरच आपण थांबतो. त्यांनी संसार, अब्रू आणि पैसा पणाला लावून एक नाटक कंपनी चालवली, ती बुडाली, आणि त्यातून त्या पुन्हा उभ्या राहिल्या, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. म्हणून आज ती.

आईनं घर सोडलं

हिराबाईंचा जन्म मे १९०५ मधला, मिरजेचा. जन्मनाव चंपाकली. वडील म्हणजे किराणा घराण्याचे थोर गवई उस्ताद अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार घराण्यातली मुलगी. खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात गायक होते, ताराबाईंना गाणं शिकवत होते. दोघांचं मन जुळलं. माहेरच्यांना ते लग्न मान्य होणं शक्यच नव्हतं. तेव्हा दोघांनी बडोदं सोडलं. आजही असं लग्न गावात झालं तर काय काय बोललं जातं हे आपल्याला ठाऊक आहे. हे तर सव्वाशे वर्षांपूर्वीचं!

त्यांना पाच मुलं झाली. दोन मुलगे, तीन मुली. पण संसार पुढं टिकला नाही. मुलं वाढत्या वयात असतानाच ताराबाई पाचही लेकरांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. मुलांना त्यांनी नवी नावं दिली. थोरला अब्दुल रहमान झाला सुरेशबाबू माने. चंपाकली झाली हिराबाई. गुलाब झाली कमलाबाई. सकिना, म्हणजे घरातली छोटुताई, झाली सरस्वती. धाकटा मुलगा कृष्णराव. आडनावात बडोदं आलं ते आईच्या गावाची खूण म्हणून.

जरा विचार करा. हातात नवरा नाही, माहेर तर कधीच तुटलेलं, पदरात पाच मुलं. अशा बाईकडं उदरनिर्वाहाचं साधन काय होतं? गाणं. पण गाणं म्हणजे त्या काळी अब्रूदार घरातल्या बाईनं चारचौघांत करायची गोष्टच नव्हती. गाणाऱ्या बाईकडं लोक एकाच नजरेनं बघत. ताराबाईंपुढं हाच पेच होता. मुलींच्या गळ्यात बापाचा सूर उतरलेला आणि तोच सूर बाहेर काढला तर लोक नावं ठेवणार.

तालीम

हिराबाईंना पहिलं शिकवलं ते थोरल्या भावानं, सुरेशबाबूंनी. मग खाँसाहेबांचे नात्यातलेच भाऊ उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. वहीद खाँना ऐकू कमी येई, म्हणून लोक त्यांना बहिरे वहीद खाँ म्हणत. गाण्यात मात्र एकेक स्वर ते तासन् तास घोटून घेत. एकच राग महिनोन्‌महिने. आपल्याला एका जागी अर्धा तास बसवत नाही, आणि ही पोरगी एका सुराचा पाठलाग करत दिवस काढायची. किराणा घराण्याची सगळी गंमत त्या संथ, एकेक स्वर उलगडत नेणाऱ्या आलापीत आहे. हिराबाईंच्या गळ्यात ती पुरती मुरली.

१९२१ साली मुंबईत पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत हिराबाई गायल्या. वय सोळाच्या आसपास. समोर गाणं कळणारी माणसं. तिथं त्यांचं नाव झालं. पुढं ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि त्या घरोघरी फोनोवर वाजू लागल्या.

आणि मग त्यांनी एक पाऊल टाकलं, जे मला त्यांच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मोठं वाटतं. त्या तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या. भारतात असं करणाऱ्या पहिल्या स्त्री गायिका म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

आता तुम्ही म्हणाल, तिकिटात काय एवढं? बरंच काही आहे. तोवर बाईचं गाणं व्हायचं ते कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात, त्याच्या मर्जीनं, त्याच्या पाहुण्यांपुढं. बिदागी त्याच्या हातात आणि त्यामुळं सगळंच त्याच्या हातात. तिकीट लावलं की हे बदलतं. पैसे मोजले की कुणीही येऊन बसावं. शिक्षक, कारकून, दुकानदार, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बायकासुद्धा. गाणाऱ्या बाईला कुणा एकाचे उपकार नकोत. तिनं गावं, लोकांनी ऐकावं, हिशेब चुकता. एका कागदाच्या कपट्यानं बाईच्या कलेला मजुरीसारखं सरळ, उजळ माथ्याचं मोल दिलं.

पुरुषाची सुभद्रा

आता येऊ या नाटकाकडं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत सौभद्र १८८२ साली रंगभूमीवर आलं आणि मराठी माणूस नाट्यसंगीतानं वेडा झाला. पण त्यातली सुभद्रा, रुक्मिणी ही सगळी कामं पुरुषच करायचे. बालगंधर्व तर असे नटत की घरंदाज बायका त्यांचं बघून लुगडं नेसायला आणि गजरा माळायला शिकत. म्हणजे बघा, बाईनं कसं दिसावं हे बाईला शिकवणाराही पुरुषच! बालगंधर्वांची कला थोरच होती, त्यात वादच नाही. पण नाटकात बाई हवी, फक्त खरी बाई नको, हा त्या काळचा रिवाज होता.

दुसरीकडं नुसत्या बायकांच्या नाटक मंडळ्याही होत्या. सातारकर स्त्री संगीत मंडळी हे त्यातलं एक नाव. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर लहानपणी तिथं होत्या. अशा मंडळ्यांत पुरुषांची कामंही बायकाच करायच्या. म्हणजे एका कंपनीत सगळे पुरुष, दुसरीत सगळ्या बायका. स्त्री आणि पुरुष एका रंगमंचावर आले की काहीतरी आक्रीत घडेल, अशीच लोकांची समजूत. तसा प्रयत्न करणारे अगदीच मोजके.

या माने भावंडांनी ती चौकट मोडायची ठरवली. घरचं नूतन संगीत विद्यालय होतंच. १९२९ साली त्याची नाट्यशाखा सुरू झाली. सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, सरस्वतीबाई, सगळं घरच कामाला लागलं. सौभद्र लागलं, आणि त्यात सुभद्रा झाल्या स्वतः हिराबाई. पुढं पुण्यप्रभाव, युगांतर अशी नाटकं झाली. बायकांची कामं बायकांनी, पुरुषांची पुरुषांनी. आज हे सांगतानाही हसू येतं, इतकी साधी गोष्ट. तेव्हा ती साधी नव्हती.

रंगभूमीचा इतिहास वाचला तर १९३३ सालच्या आंधळ्यांची शाळा या नाटकाचं नाव ठळक येतं. नाट्यमन्वंतर या संस्थेचं ते नाटक, त्यात ज्योत्स्नाबाई भोळे होत्या, आणि बायकांची कामं बायकांनीच करण्याचा पायंडा तिथून पडला असं लिहिलं जातं. ते नाटक महत्त्वाचं होतंच. पण त्याच्या चार वर्षं आधी ही बहीण-भावंडं तोच धडा गिरवत होती, हे आपण लक्षात ठेवायला हवं. गाजावाजा झाला नाही की बाईचं काम विसरलं जातं, हे काही आपल्याला नवीन नाही.

गाडा ओढणं

नाटक कंपनी म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं. तो एक फिरता गावच असायचा. नट, साथीदार, पडदे ओढणारे, रंगवणारे, स्वयंपाकी. एका गावी मुक्काम पडायचा, तिथं बिऱ्हाड लागायचं, मोठ्या पातेल्यांत भात शिजायचा, पंगती उठायच्या. पडदे, झालरी, शालू, दागिने, ऑर्गन, पेटारे, हे सगळं रेल्वेनं पुढच्या गावी न्यायचं. थेटराचं भाडं, जाहिराती, पगार. नाटक चाललं तर ठीक. पाऊस आला, गावात साथ आली, पीक बुडालं, की तिकीटविक्री पडली. पण भात तर रोज शिजवावाच लागायचा.

शेतीवर जगणाऱ्या घरातल्या बायकांना हे लगेच कळेल. पेरणीला पैसा आधी घालायचा, मग आभाळाकडं डोळे लावून बसायचं. कंपनीचंही तसंच.

त्यात वेळ वाईट आली. १९३१ साली आलमआरा हा पहिला बोलपट आला. पुढच्याच वर्षी प्रभातचा अयोध्येचा राजा आला, तोही मराठीत बोलणारा आणि गाणारा. लोकांना कमी पैशात, कमी वेळात, गाणी आणि गोष्ट दोन्ही मिळू लागलं. रात्र रात्र चालणाऱ्या संगीत नाटकाकडं कोण जाणार? गावोगावची नाटकाची थेटरं सिनेमाला दिली जाऊ लागली. बालगंधर्वांसारख्यांची गंधर्व नाटक मंडळीसुद्धा त्या तडाख्यातून सुटली नाही, मग या नवख्या भावंडांच्या कंपनीचं काय? मोजक्या वर्षांतच कंपनी बंद पडली. मागं उरलं कर्ज.

इथं मला नेहमी थांबावंसं वाटतं. कंपनी सगळ्यांची होती, पण कर्ज फेडायची वेळ आली तेव्हा ओझं मुख्यतः हिराबाईंच्या गळ्यावर आलं. त्यांनी हात वर केले नाहीत. गावोगावी मैफली करत त्या ते कर्ज फेडत राहिल्या. रेल्वेचा प्रवास, रात्रीची जागरणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तंबोरे जुळवायचे. सुवर्णमंदिर, प्रतिभा, जनाबाई अशा काही चित्रपटांतही त्यांनी कामं केली. ज्या बोलपटांनी कंपनी बुडवली त्याच बोलपटांत जाऊन उभं राहायचं, याला मोठं मन लागतं, आणि गरजही मोठी असावी लागते.

जनाबाई म्हटलं की आम्हा इकडच्या बायकांचे कान टवकारतात. जनाबाई आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या, आणि नामदेवांचं नरसी तर पुसेगावहून जवळच. दळण-कांडण करता करता गाणाऱ्या बाईची भूमिका, पोटासाठी आणि कर्जासाठी गाणाऱ्या बाईनं करावी, हा योग मला फार आवडतो.

दोन्ही खांद्यांवर पदर

हिराबाईंच्या मैफलीचं वर्णन जुनी माणसं एकाच तऱ्हेनं करतात. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला, ताठ बसलेल्या, हातवारे नाहीत, तोंड वेडंवाकडं करणं नाही. नुसता सूर. गोड, स्वच्छ, शांत. त्यांच्यामुळं मध्यमवर्गीय घरांची दारं गाण्याला उघडली. आपली मुलगी हिराबाईंसारखी गाते म्हटलं की आई-वडील तिला शिकवायला तयार होऊ लागले. अगणित मुलींना त्या एका पदरानं वाट करून दिली.

पण मैत्रिणींनो, खरं सांगू? मला त्या पदराचं कौतुकही वाटतं आणि थोडं वाईटही वाटतं. पुरुष गवई हात हलवत, डोळे मिटत, मांडीवर थाप मारत गाऊ शकत होता. त्याच्या चारित्र्याचा हिशेब कुणी मागितला नाही. बाईला मात्र आधी आपण सभ्य आहोत हे बसण्यातून सिद्ध करावं लागलं, मग लोकांनी तिचं गाणं ऐकलं. हिराबाईंनी ती अट पाळली, आणि अट पाळतानाच ज्या जागी बाईला येऊ देत नव्हते त्या जागी येऊन बसल्या. त्या आरडाओरडा करून भांडल्या नाहीत. पण नाटकात उभं राहणं, तिकीट लावणं, कर्ज फेडणं हे सगळं भांडणच होतं, फक्त आवाज सुरेल होता.

पुढं काय झालं

कंपनी गेली तरी भावंडं गाण्यात राहिली. सुरेशबाबू १९५३ साली गेले, पण त्यांनी आणि हिराबाईंनी मिळून शिष्य घडवले. त्यात प्रभा अत्रे होत्या, ज्यांना २०२२ साली पद्मविभूषण मिळालं आणि ज्या २०२४ साली आपल्यातून गेल्या. धाकट्या सरस्वतीबाई राणे यांनी १९४३ सालच्या रामराज्य चित्रपटात गायलेलं गाणं देशभर गाजलं. पुढं हिराबाई आणि सरस्वतीबाई या दोघी बहिणी एकत्र मैफली करू लागल्या. दोन बायकांची शास्त्रीय गाण्याची जुगलबंदी ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. थोरली आणि धाकटी, आठ वर्षांचं अंतर, एक सूर टाकणार, दुसरी तो झेलणार. माझ्या मते त्या बंद पडलेल्या कंपनीचंच ते राहिलेलं रूप होतं. पडदे, शालू, भाताची पातेली सगळं गेलं, बहिणींची साथ राहिली.

मानसन्मानही आले. सरोजिनी नायडूंनी त्यांना गानकोकिळा म्हटलं. देश स्वतंत्र झाला तेव्हा दिल्लीत वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांना मिळाला. १९५३ साली भारतीय कलावंतांच्या शिष्टमंडळातून त्या चीनला गेल्या. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० साली पद्मभूषण. २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्या गेल्या. ज्यांच्या आईला माहेर सोडून निघावं लागलं, ज्यांची बालपणीची नावंसुद्धा बदलावी लागली, त्या मुलीचा हा प्रवास.

आपल्या गावात

आता कुणी विचारेल, पुसेगावात बसून ही मिरज-मुंबईची गोष्ट कशाला? ज्या वर्षी हिराबाई सुभद्रा झाल्या, तेव्हा आपला हा भाग निजामाच्या राज्यात होता. तिकडचा झगमगाट इथं कुठून येणार? पण गाणं इथंही होतंच. जात्यावरच्या ओव्या होत्या, हळदीची गाणी होती, भुलाबाईची होती. बाई गायची, पण घरात, अंगणात, देवळात. देवाचं नाव असलं की बाईच्या आवाजाला मुभा, हा नियम अजूनही पुरता मोडलेला नाही.

आमच्या बायकांच्या भजनी मंडळात मी टाळ वाजवते. आमच्यात एकीचा गळा असा आहे की ऐकणाऱ्यानं काम विसरावं. तिला मी एकदा म्हटलं, जिल्ह्याला गाण्याची स्पर्धा आहे, नाव दे. ती हसली, म्हणाली की घरात विचारावं लागेल. त्यानंतर तो विषय निघाला नाही. तिच्या लेकीचा गळाही तसाच आहे. ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये गाते, मोबाईलवर गाणी ऐकून हुबेहूब म्हणते. आता ती दहावीला गेली की गाणं बंद होणार, असं तिच्या घरी ठरलेलं दिसतं. कुणी दुष्ट नाही त्या घरात. लोक काय म्हणतील, एवढीच भीती.

मला त्या घरातल्यांना हिराबाईंच्या कंपनीची गोष्ट सांगायची आहे. पद्मभूषणाची आधी सांगणार नाही. आधी सांगायचं की एक भाऊ बहिणीला गाणं शिकवत बसला आणि मग तिच्याबरोबर रंगमंचावर उभा राहिला. त्या काळात भावानं बहिणीला चारचौघांत आणणं म्हणजे स्वतःच्या नावावरही शिंतोडे उडवून घेणं होतं. सुरेशबाबूंनी ते केलं. गुणी मुलीला गुरू लागतो हे खरंच, पण त्याआधी तिच्या बाजूनं उभं राहणारं घरातलं एक माणूस लागतं. आई असो, भाऊ असो, नवरा असो.

कंपनी चालली नाही, हेही सांगणार आहे. मुद्दामच सांगणार आहे. कारण आपल्याकडं मुलीला एक संधी देतात, आणि त्यात यश आलं नाही की म्हणतात, बघ, सांगत होतो ना, आता बस घरी. मुलाचं दुकान बुडालं तर त्याला दुसरं काढून देतात. हिराबाईंची कंपनी बुडाली, डोक्यावर कर्ज आलं, पण गाणं थांबवायचं असं कुणी ठरवलं नाही. त्या गाण्यानंच कर्ज फिटलं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारी, भजनी मंडळात अशी कुणी गाणारी असेल तर तिच्या घरी एकदा जाऊन या. चहा घ्या, इकडचं तिकडचं बोला, आणि मग विषय काढा. आकाशवाणीच्या परभणी केंद्राची ऑडिशन असो की तालुक्याची स्पर्धा, फॉर्म भरायला आणि बरोबर जायला एक बाई लागतेच. मी येत्या रविवारी त्या लेकीच्या घरी जाणार आहे. तुम्ही कुणाकडं जाणार, ते ठरवा.